रशीदभाईंचं लिनक्स

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. जास्तीचे स्क्रू आणि किस्से! स्क्रू कुठल्या मशीनचे ते आठवत नाही, किस्से कोणाचे ते मात्र पक्कं आठवतं. माझ्या दारव्ह्याच्या दुकानातले निम्मे किस्से एकट्या रशीदभाईंचे आहेत. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मी इतका थकलो होतो की रशीदभाई रस्त्यावर दिसले की मागच्या दाराने चहाला निघून जावंसं वाटायचं. पण माझ्या दुकानाला मागचं दारच नव्हतं.

रशीदभाई गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं त्यांनी सत्तावीस वर्षं सांभाळली. मग कापसाची दैना झाली, जिनिंगला माल येईना, आणि एका दिवाळीनंतर ते उघडलंच नाही. रशीदभाईंनी एका ऑफिसच्या भंगारातून जुना कॉम्प्युटर आणि त्याच्यासोबतचा खडखड्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटर उचलला. घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं दुकान टाकायचं ठरवलं. वय बावन्न, आणि आयुष्यात की-बोर्डला बोट लागलेलं नाही!

चूक माझीच. चहाच्या टपरीवर मी एकदा लिनक्सचं कौतुक करत बसलो होतो. फुकट मिळतं, व्हायरसचा ताप नाही, आणि आतलं सगळं उघडून बघता येतं. बोलायला काय जातं! पण शेवटच्या वाक्याला रशीदभाईंनी बशी खाली ठेवली.

"उघडून पाहता येते?"

"हो."

"मंग थेच टाका, सर. जे उघडत नाही थे मशीन आपल्या कामाचं नाही."

* * *

पहिल्या दिवशी इन्स्टॉल सुरू केलं. बासष्ट टक्क्यांवर लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. चौपन्न टक्क्यांवर गेली. तेव्हा लाइट कधी येते हेच सांगता यायचं नाही, जाण्याचं तर सोडाच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मी खुर्चीतच डोळे मिटले. रशीदभाई जुम्म्याच्या नमाजला निघून गेले.

ते गेले आणि लाइट आली! मी टुणकन उठलो, बटण दाबलं. काही नाही. मागे वाकून बघतो तर कॉम्प्युटरची पॉवर केबलच गायब. सगळं घर धुंडाळलं. पंखा गरगर फिरतोय आणि मी हात चोळत बसलोय. असा सव्वा तास गेला.

रशीदभाई आले आणि त्यांनी कुर्त्याच्या खिशातून केबल काढली.

"ही घेऊन गेलते तुम्ही?"

"हाव. फिटर कामावर असला तं मेनचा फ्यूज त्याच्या खिशात पाह्यजे. मांगून कोणी चालू केलं म्हंजे?"

त्यांनी केबल लावली. लाइट गेली.

* * *

चौथ्या दिवशी लिनक्स बसलं. आता शिकवणी. मी म्हटलं, "ही कमांड टाइप करा आणि एंटर दाबा."

रशीदभाईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं. मग मान वर केली आणि एवढ्या जोरात ओरडले की भाभी आतून धावत आल्या.

"हात काढाऽऽ!"

मी घाबरून हात मागे घेतला. रशीदभाई बोट एंटरवर धरून थांबले. थांबलेच. मग दाबलं.

प्रत्येक एंटरला हेच! दिवसाला शंभरेक एंटर होत असतील. माझं डोकं उठलं. शेवटी विचारलं, "रशीदभाई, ओरडता ते ओरडता, वर थांबता कायले?"

"जवाबाची सवय हाय."

मग त्यांनी सांगितलं. जिनिंगमध्ये मशिनी सुरू करायच्या आधी फिटर 'हात काढा' म्हणून ओरडतो. एकेका लाइनीतून 'काढले' असा जवाब येतो. शेवटच्या लाइनीचा जवाब आला की मगच स्विच टाकायचा.

खोलीच्या दाराशी स्टुलावर त्यांचे दोस्त शेषराव बसलेले असायचे. तेही जिनिंगचेच, शेवटच्या लाइनीवरचे. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले. दिवसभर रस्ता बघत बसायचे. रशीदभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"एक डाव शेवटच्या लाइनीचा जवाब आयकला नाही अन् स्विच टाकला. शेषरावची दोन बोटं गेली."

"कोणी टाकला?"

"म्याच."

पुढे मी एंटरबद्दल कधी काही बोललो नाही. कानात कापूस घालून यायला लागलो. कापूस तेव्हा स्वस्तच होता.

* * *

ॲडमिनचा पासवर्ड कोणालाही दिसता कामा नये, हे मी तीनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कॅबिनेटवर लाल ऑइलपेंटने, वळणदार अक्षरात, पासवर्ड! खाली रेघसुद्धा मारलेली.

"अहो, हे काय केलं?"

"मेन स्विचवर सारं लिहूनच ठेवा लागते, सर. वक्तावर फिटर नसला तं?"

"आणि चोर आला तर?"

रशीदभाईंना माझी कीव आली.

"चोर पुरा कॉम्प्युटर उचलून नेईन. थो पासवर्ड कायले वाचत बसन?"

* * *

प्रिंटरने मात्र आम्हा दोघांचा जीव घेतला. त्याला एक सॉफ्टवेअर हवं होतं. रशीदभाईंकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून ते मी माझ्या दुकानात डाउनलोड करायचं आणि पेनड्राइव्हवर घालून सायकलने त्यांच्याकडे न्यायचं. ते नेलं, तर ते म्हणालं, आधी दुसरं आणा. दुसरं नेलं, तर त्याला तिसरं पाहिजे. अशा एका दुपारी मी सात चकरा मारल्या. एप्रिलचं ऊन! सातव्या चकरेला सायकलची चेनही पडली.

रशीदभाईंनी चेन बसवून दिली आणि शांतपणे म्हणाले, "हे तं ऑफिसच निंगालं. ह्या टेबलावरून त्या टेबलावर."

एवढं करून प्रिंटर चालला. पण मराठी काही छापेना. स्क्रीनवर नीट दिसायचं, कागदभर नुसते चौकोन! मी इंग्रजीत काम भागवा म्हटलं. रशीदभाईंनी तो कागद उजेडात धरला.

"माह्या लोकायले इंग्रजी वाचता येत नाही. आपल्या कागदावर काय लिवलं हाय थे त्यायले समजा लागते."

मी म्हटलं, बघतो. खरं सांगायचं तर बघायची ताकद उरली नव्हती. दुकानातच मी कॉम्प्युटरचा क्लासही घ्यायचो, त्यात तेव्हा चार मुलं उरली होती. मीच सकाळी कशासाठी शटर उघडतो, कळत नव्हतं. दोन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही.

* * *

मग एका बाजाराच्या दिवशी सकाळीच शेषराव माझ्या दुकानात आले. त्यांना ऐकू येत नसल्याने ते फार बोलत नसत. त्यांनी माझी सायकल स्टँडवरून काढली आणि हँडल माझ्या हातात दिलं.

रशीदभाईंच्या घरासमोर ही गर्दी! जिनिंगचे सगळे जुने कामगार, चाळीसेक जण. मालक मशिनरी विकून गाव सोडून चालले होते. आंध्रातल्या जिनिंगांत कामाला घेत होते, पण अनुभवाचा दाखला असेल त्यालाच. मालक म्हणाले होते, "टाइप करून आणा, सही करतो. एक वाजता माझी गाडी निघेल." आणि रशीदभाईंनी सगळ्यांना शब्द दिला होता.

घड्याळात साडेदहा.

"माझ्या दुकानात चला, तिथे छापून देतो," मी म्हटलं.

"तुमच्या लाइनीत दोन वाजतापर्यंत लाइट नाही," रशीदभाई म्हणाले. "इथं हाय. आतापावतो तरी."

चाळीस दाखले टाइप झालेले होते. एकेका बोटाने, दोन आठवडे बसून! प्रत्येकाचं नाव, वडलांचं नाव, काम, वर्षं. आणि कागदावर चौकोन.

मी बसलो. फॉन्ट बदलला, चौकोन. सेटिंग बदललं, चौकोन. अकरा वाजले, सव्वाअकरा. मी शेवटी मान खाली घातली आणि म्हणालो, "रशीदभाई, मला आता काही सुचत नाही."

रशीदभाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं. मी पहिल्या दिवसापासून जे जे सांगितलं ते सगळं त्यात तारीखवार उतरवलेलं, जिनिंगच्या मेंटेनन्स रजिस्टरसारखं. बोटाने ओळी शोधत ते एका पानावर थांबले.

"सर, सातव्या चकरेले तुम्ही दोन फाइली आणल्या होत्या. एक टाकली. दुसरी उद्या टाकू म्हणलं, अन् चेन बसवून देली तसे तुम्ही घरी गेलते."

मी खिशातला पेनड्राइव्ह लावून उघडला. मराठी फॉन्टची फाइल तिथेच पडली होती!

टाकली. पहिला दाखला स्क्रीनवर आणला. कागद लावला. उठलो आणि खुर्ची त्यांना दिली. मशीन त्यांचं होतं.

रशीदभाईंनी एंटरवर बोट ठेवलं, मान वर केली.

"हात काढाऽऽ!"

आणि खोलीतल्या, ओसरीवरच्या, रस्त्यावरच्या चाळीस जणांनी एकदम हात वर केले.

"काढले!"

"काढले!"

"काढले!"

आवाज लाइनीलाइनीने रस्त्यापर्यंत गेला आणि थांबला. रशीदभाईंचं बोट हललं नाही. पंखा फिरत होता. लाइट कधीही गेली असती.

"रशीदभाई, दाबा ना!"

"थांबा, सर. शेवटची लाइन राह्यली."

शेषराव पार रस्त्यापलीकडे, माझ्या सायकलीला टेकून, पाठमोरे उभे होते. कोणीतरी धावत गेलं, त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. सगळ्यांचे हात वर बघितले, दारातून आत रशीदभाईंना बघितलं.

मग त्यांनी दोन्ही हात वर केले. आठ बोटं.

"काढले!"

रशीदभाईंनी एंटर दाबलं.