गाण्यासाठी एक बादली

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं म्हणालात, ‘आजी, तुझा तो डॅक फार जुना झाला, यंदा वाढदिवसाला नवा पाठवतो.’ तुमच्या मनातलं प्रेम कळलं, पण पाठवू नका. का ते तेव्हाच सांगितलं असतं, पण आजोबा शेजारीच बसले होते आणि गोष्ट त्यांचीच आहे. आज ते रेणापूरला एका लग्नाला गेलेत. संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. म्हणून लिहायला बसले.

डॅक म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी माझ्या पद्धतीनं सांगते. संगणकात गाणं नुसत्या आकड्यांत असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा आणि तो अ‍ॅम्प्लिफायरकडे द्यायचा, हे या डब्याचं काम. प्रत्येक संगणकात ते करणारी चिप असतेच. पण मळलेल्या चष्म्यातूनही वाचता येतं आणि पुसलेल्या चष्म्यातूनही, तसा हा फरक आहे.

आता आजोबांचं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते पाटबंधारे खात्यात होते आणि कामासाठी औशाच्या पलीकडे एका गावात मुक्कामाला होते. ते वाचले. ज्या घरी उतरले होते त्या घरातलं आणखी कुणी वाचलं नाही. याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, ‘आधी आवाज आला. जमिनीखालून. मग हललं.’ तेव्हापासून खालच्या पट्टीतली कुठलीही घरघर ऐकली, रस्त्यावरचा रोलर असो की पाण्याचा टँकर, की ते उठून अंगणात जातात. घाबरल्यासारखे दिसत नाहीत. चपला घालतात आणि म्हणतात, ‘जरा हवा खाऊन येतो.’

गाण्याचं वेड खरं तर त्यांचं. लग्नानंतर नांदेडला आणि लातूरला ज्या बैठकी ऐकल्या, त्या मी टेपवर भरल्या, पण मला तिथं न्यायचे तेच. भूकंपानंतर आमच्या जुन्या टेपचे स्पीकर लागले की ते ओसरीवर बसून खिडकीतून ऐकायचे. त्या स्पीकरमध्ये खालचे सूर घुमायचे ना. वीस वर्षांहून जास्त काळ मी आत आणि ते बाहेर, असं आम्ही गाणं ऐकलं.

तुमच्या बाबांनी एका सुट्टीत दीडशेवर कॅसेटी संगणकात भरून दिल्या तेव्हा मी ठरवलं, आता असा सरंजाम घ्यायचा की खालचा सूर स्वच्छ येईल, घुमणार नाही, आणि यांना आत येऊन बसता येईल. मला दुसरं काही नको होतं.

शाळेत इंग्रजी शिकवल्याचा उपयोग असा झाला की परीक्षणं मी स्वतः वाचली. वहीत रकाने पाडले. दोन महिन्यांत सात डब्यांतले पाच काटून दोनवर आले. एक दिसायला देखणा, मोठा पडदा, निळे दिवे. दुसरा नुसता काळा आणि बोजड. मी नांदेडला भाईजानना फोन लावला. माहेरच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या घरातलं जे काही वाजतं ते त्यांच्या हाताखालून गेलेलं.

‘बाई, मला डॅक फॅक काय समजत न्हाई,’ ते म्हणाले. ‘वजन किती लिवलंय ते वाचा.’

मी वाचलं.

‘जड हाय तो घ्या. आत ट्रान्सफॉर्मर दमदार असंल. दिव्याला काय करायचंय, लग्न लागून राहिलंय का घरात?’

तरी ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही म्हणून आम्ही हैदराबादला गेलो. दुकानातल्या माणसानं आधी परदेशी ढोल वाजवून दाखवले. तुमचे आजोबा लगेच फूटपाथवर. मी त्याला पेन ड्राइव्ह दिला आणि म्हटलं, ‘मला गाणं सुरू होण्याआधीचा फक्त तंबोरा ऐकवा.’ देखण्या डब्यावर तंबोरा गोड वाटला, पण एकच मोठा गुंजारव. काळ्या डब्यावर चारही तारा वेगळ्या मोजता आल्या, आणि खर्जाची तार वाजून गेली की तिथं काही रेंगाळत नव्हतं. काळा घेतला, सोबत नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरही.

घरी मागच्या खोलीत मांडला. भूकंपानंतर आमच्याकडे डोक्याच्या वर जड वस्तू ठेवत नाहीत, म्हणून बैठा लाकडी ओटा करून घेतला होता. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, माझ्या खुर्चीपासून दोन्ही सारख्या अंतरावर, मोजपट्टी लावून. वर भाड्यानं राहणाऱ्या कोचिंगच्या मुली सकाळी क्लासला गेल्या की जिना शांत होतो. साडेदहाला आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो आणि मी बटण दाबलं.

गाण्याआधीच स्पीकरमधून आवाज आला. घूंऽऽ. खालच्या पट्टीत, न थांबणारा.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या. ‘जरा हवा खाऊन येतो.’

पुढचे तीन आठवडे मी वायरी बदलल्या, प्लग बदलले, डबा संगणकापासून लांब नेला. कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की घराचं अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत मुरवणारा तो अंगणातला खड्डा, तपासा. ते मी आजोबांना वाचून दाखवलं तर ते चिडलेच.

‘अर्थिंग? मॅडम, तो खड्डा मी स्वतः उभा राहून खणून घेतलाय. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, सगळं. त्यांना म्हणावं तुमचा डबा तपासा.’

माझा त्यांच्यावर विश्वास होता. चाळीस वर्षं धरणं बांधलेल्या माणसाला एका खड्ड्याबद्दल काय विचारायचं? मी डबा परत करायचं ठरवलं. खोका उतरवला, थर्माकोल पुसला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. डब्याचं नाही. यांची खुर्ची परत ओसरीवर न्यावी लागली त्याचं.

परत करायच्या आधी म्हणून भाईजान नांदेडहून आले. आल्या आल्या डब्यावर हाताची पालथी बाजू टेकवली आणि झटक्यात काढली.

‘दुलेभाई, मुंग्या येऊन राहिल्या ना!’ गल्लीच्या जावयाला ते दुलेभाई म्हणत. ‘अर्थिंग मेलेली हाय तुमची.’

‘न्हाई. शक्यच न्हाई.’

भाईजाननी पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला. एक वायर फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये: बल्ब लख्ख. मग दुसरी वायर अर्थच्या भोकात: बल्बमधली तार नुसती लालसर झाली, चुलीत विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.

‘आता काय म्हणता साहेब?’

आम्ही तिघं मागच्या अंगणात गेलो. खड्ड्याच्या तोंडाशी पाणी ओतायचा पाइप असतो. आजोबांनी त्यात काठी घातली. ती कोरडी ठणठणीत वर आली.

ते दुष्काळाचं वर्ष होतं, लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. घरातल्या पाण्याचा कारभार आजोबांकडे. भांड्यांचं पाणी आधी मोरीतून वाहत त्या खड्ड्याशी जाऊन मुरायचं. त्यांनीच ती नाली बुजवली. धुणंभांड्यांचं पाणी टपात, टपातलं संडासात, थेंब जमिनीला द्यायचा नाही असा त्यांचा नियम. शेजारीपाजारी त्यांचं उदाहरण द्यायचे. जमीन इतकी वाळली की वीज मुरायला तिच्यात ओल उरली नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, आणि माझ्याही.

‘रोज एक बादली टाका,’ भाईजान म्हणाले. ‘आठ दिवस.’

‘गाण्यासाठी बादली?’ आजोबा ताठ झाले. ‘गावात लोक घागरीसाठी रांगा लावून राहिले. न्हाई. मला नको ते गाणं.’

भाईजाननी बल्बची वायर गुंडाळली. हळू विचारलं, ‘वर पोरी राहतात ना? आंघोळीला हीटर हाय?’

‘हाय.’

‘मग गाणं सोडा. पोरींसाठी टाका.’

तेव्हा मला आठवलं. वरची एक मुलगी म्हणाली होती, ‘काकू, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.’ मी तिला म्हटलं होतं, जागरणं कमी कर. हे मला आजही खुपतं. आजोबांनी लगेच वर जाऊन हीटरचा प्लग काढला. मग खाली येऊन ताज्या नव्हे पण स्वच्छ पाण्याची बादली उचलली, आणि वाकून त्या पाइपात ओतली. एकदम नाही. धार धरून, शेवटच्या थेंबापर्यंत. भाईजान म्हणाले, ‘शिवलिंगावर ओतल्यासारखं ओतून राहिलात की.’ आजोबा म्हणाले, ‘तुम्ही गप बसा, पाणी कसं मुरवायचं ते मला शिकवू नका.’

त्या आठ दिवसांची बादली त्यांनी स्वतःच्या आंघोळीतून काढली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. मी अर्धी माझी घ्या म्हटलं तर ऐकलं नाही. नवव्या दिवशी भाईजाननी सांगितल्याप्रमाणे एका वायरमननं बल्ब लावून पाहिला. लख्ख. हीटर पुन्हा जोडला.

मग मी आजोबांना न सांगता मागच्या खोलीत डबा सुरू केला आणि आवाज पूर्ण वाढवला. स्पीकरला कान लावला. काही नाही. आवाज कमी करून नांदेडच्या एका बैठकीची फाइल लावली. तंबोरा सुरू झाला. त्या बैठकीत पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं होतं, तेही ऐकू आलं.

‘हा मीच खोकलो होतो,’ मागून आवाज आला. ते दारात उभे होते. आत आले, बसायला काही नव्हतं म्हणून खोक्यावर बसले. खर्ज लागला तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. पाय हलले नाहीत. पाऊण तासाची ती बैठक संपल्यावर म्हणाले, ‘तबला जरा चढा लावलाय,’ आणि खुर्ची आत आणायला ओसरीवर गेले.

नवा डबा यापेक्षा चांगला असेलही. पण या एका डब्यावर त्यांचा भरवसा बसायला फार दिवस लागले, आणि तो भरवसा मला पुन्हा पहिल्यापासून कमवायचा नाही.

भाईजान आता नाहीत. कॅसेटी बुरशीनं गेल्या. रिमोट चालत नाही, उठून बटण फिरवावं लागतं. डबा चालतो, फाइली सगळ्या आहेत, आणि रोज साडेदहा ते साडेअकरा तुमचे आजोबा माझ्या शेजारी आत बसून गाणं ऐकतात.