खाटेवरचं गाठोडं

मंडळी, आज मी पहिल्यांदाच सरकारी काम केलं, म्हणजे खाटा मोजल्या. अकोल्याच्या आमच्या बेघर निवाऱ्यात किती खाटा भरलेल्या आणि किती रिकाम्या, हे रोज संध्याकाळी मोबाइलवरून वर कळवावं लागतं. माणसं कशी आहेत, याला रकाना नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर नीट चादर अंथरून नुसतं गाठोडं ठेवलेलं होतं. शेजारच्या खाटेवर दौलतबाबा बसले होते.

"बाबा, हे कोणाचं?"

"माहंच हाय. पन खाट किसनाची. खाली दिसली त तुमी दुसऱ्याले देसान. तो वरूडले संत्रा तोडाले गेला. येईन."

"कधी गेला?"

"मागच्या साली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लय घोरते तो. त्याच्याबिगर झोप येत नाई मले."

दाराशी एक म्हातारा पिशवी घेऊन उभा होता. मी 'रिकामी' कळवलं आणि खाट त्याला दिली. दुसरं करणार तरी काय?

बाबांनी गाठोडं उचलून आपल्या उशाशी घेतलं. नवा माणूस टेकला, तसं त्याला विचारलं, "काय भाऊ, घोरता का?"

"नाई जी, बिलकुल नाई," तो घाईघाईने म्हणाला. त्याला वाटलं, घोरणाऱ्याला इथून काढतात. बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

घरी आलो. बायको गेल्यापासून पलंगाच्या तिच्या बाजूला मी इस्त्रीचे कपडे रचून ठेवतो. मोजायला इथे कोणी येत नाही, तरीही.

तुम्ही काय ठेवता?