ऐंशी टक्क्यांनंतरचे शेठजी

“आपल्याले घाई नाही. तुमचं चालू द्या.”

गाडीतून उतरल्यावर शेठजींचं पहिलं वाक्य हेच. घाई करा असं त्यांना कोणी म्हटलेलंच नसायचं. मी पोह्यांच्या फोडणीत अडकलेली असायची, मान वर करायचीही फुरसत नसायची, तरी ते सांगून टाकायचे. मग चार्जरची गन गाडीला लावायची, नीट बसली का म्हणून हलवून पाहायची, आणि माझ्या कढईतल्या कांद्याच्या वासापासून लांब, कडुनिंबाखालची खुर्ची धरायची.

माझं नाश्त्याचं हॉटेल कारंजा-वाशीम रस्त्यावर आहे. शेजारच्या मोकळ्या जागेत, त्या जागेच्या मालकांनी विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवला आणि त्यावर लक्ष ठेवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. गाडी चार्जिंगला लावून थांबलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो धड कुठेच नसतो. चहा पितो, पण नजर आकड्यावर. आकडा ऐंशीवर गेला की गन काढून पसार. त्याचंही चुकत नाही म्हणा. ऐंशीपर्यंत आकडा भराभर चढतो आणि पुढे असा रेंगाळतो की मशीन बिघडलं असं वाटावं. सुरुवातीला लोक माझ्यावरच डोळे वटारायचे. “ताई, लाइन कमी सोडून राह्यल्या का?” जसं काही मी आत बसून नळ आवळत होते.

शेठजी कारंज्याचे. आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलं. शेठाणी गेल्या, मुलगा पुण्यात स्थिरावला, तेव्हा दुकान आवरलं. वडील घरात कुढत बसू नयेत म्हणून मुलानेच ही गाडी घेऊन दिली होती.

एकदा एक गिऱ्हाईक आकडा हलेना म्हणून फारच तणतणायला लागलं. शेठजी खुर्चीवरून उठले.

“भाऊ, कपाट खाली असलं का कापडाची थानं धडाधड लागतात. भरत आलं का जागा पाहून एकेक सरकवा लागते. जोर केला तं कापड चुरगळते, कपाटही फाकते. बॅटरीचं तसंच हाय. भरत आली अन् जबरदस्ती केली तं तापते, लवकर खराब होते. म्हून गाडीच चार्जरले सांगते का बाबा, आता हळू.”

गिऱ्हाइकाला पटलं. “मंग शंभर कराचं कायले?” म्हणाला, आणि निघून गेला.

शेठजी परत खुर्चीवर आले. “समजावलं नसतं तं बसला असता थोडा वेळ,” ते म्हणाले.

मी हसले. त्यांनी थट्टा केली असं मला वाटलं होतं.

ते जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण आटोपायचं. स्वयंपाकाची बाई सकाळी डबा भरून ठेवायची, तो ते गाडीत घालून आणायचे. आकडा ऐंशीच्या पुढे गेला की डबा उघडायचा. मुगाची भाजी, पोळी, उकळून गार केलेलं पाणी. घास घेता घेता माझ्याशी, कपबशा विसळणाऱ्या बाईशी, टायरमध्ये हवा भरायला थांबलेल्या कोणाशीही बोलायचे. सोयाबीनच्या भावाबद्दल त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण रिसोडच्या बाजारातून येणाऱ्या प्रत्येकाला ते भाव विचारायचे आणि उत्तर मन लावून ऐकायचे.

“घरी गरम जेवायचं सोडून इथं थंड कायले खाता, शेठजी?” मी एकदा विचारलं.

“घरी जेवलं का नुसता भांड्याचा आवाज येते, ताई.”

मी त्यांच्यापुढे काकडी कापून ठेवली. त्यांनी आधी तिथी मोजली, आज हिरवं चालतं ना याची खात्री केली, मगच खाल्ली.

घरी त्यांच्याकडे चार्जिंगचा पॉइंट होता. गाडी जायचीही कुठे नाही. मग बॅटरी उतरते कशी, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. एकदा बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं की सकाळी धनजला जाऊन आले, तिथून वाशीमला. काम काय होतं, तर काहीच नाही. गाडी खाली करायची होती. भरलेली गाडी घेऊन इथे कसं यायचं?

“अहो, तशेच येऊन बसा ना,” मी म्हटलं. “खुर्ची का गाडीची हाय?”

त्यांनी मान हलवली. “दुकानदाराचं पोर आहे मी. दुसऱ्याच्या दुकानात बिनकामाचं बसू नये, हे आमाले चालता येत नव्हतं तवापासून शिकवलं.”

म्हणजे हा माणूस रोज अर्धा जिल्हा पालथा घालून बसायचा हक्क कमवत होता. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. एवढा कसला ताठा? आणि मग रात्री भांडी आवरताना माझंच मन भरून आलं.

दिवाळीच्या सुट्टीत चार्जरसमोर रांग लागली. शेठजींची गाडी ऐंशीच्या पुढे गेली होती, डबा नुकताच उघडला होता. मागच्या गाडीत दवाखान्यातून सुट्टी झालेल्या म्हाताऱ्या आईला घेऊन एक पोरगा ताटकळला होता. तो उतरून आला.

“आजोबा, झाली ना तुमची गाडी? काहून अडवून राह्यले?”

शेठजींनी घास खाली ठेवला, डब्याला झाकण लावलं, स्वतः गन काढली आणि गाडी बाजूला घेतली. “चुकलं माझं,” पोराला म्हणाले. रांग हलेपर्यंत दिवस मावळला. डबा पुन्हा उघडला नाही. ते उपाशीच घरी गेले, आणि मी काही करू शकले नाही.

आठवडाभरात मालकांनी पाटी लावली. ऐंशी टक्के झाल्यावर गाडी काढावी. नियम योग्य होता, आजही मी योग्यच म्हणेन. शेठजी दोनदा आले, ऐंशीला गन काढली, खुर्चीकडे पाहिलं आणि गेले. मग येणंच थांबलं.

थंडी सरत आली तेव्हा ते एक दिवस ऑटोतून उतरले. या वयात हायवेला गाडी नको म्हणून मुलगा ती पुण्याला घेऊन गेला होता. शेठजी माझ्या काउंटरसमोर हात मागे बांधून उभे राहिले. ज्यांच्या दुकानात माझ्या आईने माझ्या लग्नाचं लुगडं घेतलं, ते शेठजी.

“ताई, एखादं काम असन तं सांगा. पगार नको. काम पाहिजे.”

मला सुचलं ते मी दिलं. म्हटलं, माझे हात कढईत असतात, आकड्यावर लक्ष राहत नाही. ऐंशी झाले की लोकांना तुम्ही सांगत जा.

ते काम त्यांनी मनापासून केलं. कोणाशी गप्पा रंगल्या, मुलाबाळांपर्यंत बोलणं गेलं, की मधेच आकड्याकडे पाहून म्हणायचे, “ऐंशी झाले भाऊ, काढा आता. मागचा थांबून हाय.” आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत उभे राहायचे. मी त्यांना कसलं काम देऊन बसले, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण बदलून देण्यासारखं दुसरं काम माझ्याकडे नव्हतं.

पावसाळ्याआधी मुलगा त्यांनाही घेऊन गेला.

परवा दिवस कलताना त्यांचा फोन आला. तिथे इमारतीच्या तळघरात चार्जर आहेत म्हणाले. लोक गाडी लावतात आणि लिफ्टने वर जातात. आकडा घरात बसून फोनवर दिसतो. खाली कोणी थांबत नाही.

“आता कोनाची गाडी लागली हाय, ताई?”

“अकोल्याचे हायेत. दोघं नवरा-बायको अन् लहान पोरगी. पोहे खाऊन राह्यले.”

“आकडा?”

“त्र्याऐंशी.”



“मागं कोनी थांबून हाय का?”

“नाही.”

“मंग राहू द्या. उठवू नका त्यायले.”

मी फोन कानावरून काढला आणि काउंटरच्या टोकाला, त्या नवरा-बायकोच्या टेबलाजवळ ठेवला. पोरीला आणखी शेव हवी होती, आई नाही म्हणत होती, बाप हसत होता. मी पुन्हा कढईकडे वळले. फोन बराच वेळ चालू होता.