अण्णांची नाव आणि माझा नारळ

चहा घ्या आधी, गार होईल. सांगतो. पण ह्यात शोभा माझीच आहे, तेव्हा मधेमधे हसू नका.

आमचे वडील, अण्णा, संस्थानच्या गणपतीचे पुजारी. दर वर्षी मूर्ती मांडीवर घेऊन नावेतून सागरताल तलावाच्या मध्यावर जायचे आणि तिथं विसर्जन करायचे. पुढं संस्थान विलीन झालं, नाव काठावर पालथी पडली आणि अण्णा पायरीवरूनच विसर्जन करू लागले. कुरकुर नाही. मग नव्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली, माझं ऑफिस तिकडं निघालं आणि आम्हीही. तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "जायच्या आधी एकदा मध्यावर जायला मिळालं असतं तर..."

मी छाती पुढं काढून म्हणालो, "जाल की. नाव मी दुरुस्त करवतो."

आता मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. पण मित्र कशाला असतात? एक बापू, संस्थानची फौज मोडल्यावर घरी बसलेला, खोगिरं शिवण्यात पटाईत. दुसरा गुप्ता, दौलतगंजातला सायकलवाला. नाव दोघांनीही लांबूनच पाहिलेली.

बापूनं तळाच्या फटीवर चामडं ठोकलं. गुप्तानं ते उपटून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. बापूनं फुरंगटून दुसऱ्या फटीकडं मोर्चा वळवला. रोज ऑफिसातून यावं तर दोघं भांडतायत आणि नाव जशीच्या तशी. डोकं उठलं माझं.

"अरे बापू, ही नाव आहे का घोडी?"

"घोडी असती तर एव्हाना उभी केली असती."

"भाईसाहब, आप दफ्तर जाइए," गुप्ता म्हणाला. "पंक्चर हमारा काम है."

विसर्जन उद्यावर आलं आणि बापू नावेच्या नाकाडापाशी अडून बसला. "वश्या, ही समोरची फळी पूर्ण सडून गेलीय. बदलावी लागेल."

"पाण्याच्या वर आहे ना? मग लांबी भर, रंग फास आणि संपव एकदाचं!"

बापूनं फासला. लालभडक.

सकाळी दोघांनी नाव पाण्यात घालून पाहिली. एक थेंब आत आला नाही. मी इथंच गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल तो मी कसला?

दुपारी अण्णा जुनी पगडी घालून आले. मांडीवर घ्यायची मूर्ती हातात, चेहरा लहान मुलासारखा झालेला. पायऱ्यांवर सगळी ओळखीची मराठी मंडळी. अण्णांनी पाऊल उचललं आणि मी ओरडलो, "थांबा! नारळ वाढवायचा राहिला."

"पायरीवर वाढव," बापू म्हणाला.

"पायरी दुरुस्त केलीय का आपण? नावेचा नारळ नावेवरच वाढवतात."

"वश्या, ती फळी..."

"पुजाऱ्याचा मुलगा तू की मी?"

मोरया म्हणून मी सगळ्या ताकदीनं नारळ त्या लाल नाकाडावर आपटला. नारळ फुटलाच नाही. तो रंगातून आरपार गेला आणि नेमका ट्यूबच्या ठिगळावर जाऊन आदळला. खालून कारंजं उडालं. नाव सावकाश, मोठ्या अदबीनं, गुडघाभर पाण्यात बसली. नारळ तेवढा अखंड तरंगत बाहेर आला.

गुप्ता हळूच म्हणाला, "भाईसाहब, गारंटी पंक्चर की थी. नारियल की नहीं."

मला अण्णांकडं बघवेना. इतक्यात बापू पाण्यात उतरला आणि त्यांच्यापुढं पाठ करून वाकला. "चला अण्णा, घोडी उभी आहे."

त्याच्या पाठीवर बसून, मूर्ती छातीशी धरून, अण्णा निघाले. मध्य काही गाठता आला नाही, पण बापूच्या छातीला पाणी लागेपर्यंत गेले. परतले तेव्हा हसत होते. माझ्याशी मात्र बोलले नाहीत.

बोलले ते थेट स्टेशनवर. आम्ही भोपाळच्या गाडीत बसलो आणि बापूनं प्रवासाचा शकुन म्हणून खिडकीतून माझ्यापुढं नारळ धरला. अण्णांनी मधेच हात घालून तो स्वतःकडं घेतला.

"ह्याच्याकडं नको," ते म्हणाले. "गाडी भोपाळपर्यंत न्यायची आहे."