कावळ्यासमोर पिरगाळलेला हात

बायकोच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. ऊन चढलं. तळ्याकाठी आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि कावळे बाभळीवर बसून आमच्याकडं बघत होते.

मी म्हणलं, "तिला मिरचीचं भजं लई आवडायचं. ते कुणी ठेवलंच न्हाय."

"भज्यासाठी कुणाचा जीव अडकतो का, मामा?" सून म्हणाली. ती इंग्रजीची शिकवणी घेते, बोलण्यात कुणाला हार जात न्हाय. "त्यांचा जीव तुमच्यात अडकलाय. शुक्रवार पेठेतलं घर सोडून कुंभारीला आमच्याकडं राहायला येतो, एवढं म्हणा."

त्या दोन खोल्यांत ती नांदली, तिथंच मेली. मलाही तिथंच मरायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, चालतं.

"दर्भाचा नको," पोरगा म्हणाला. "अप्पा, बोला की. आईला किती ताटकळत ठेवताय?"

मग बायकोचा भाऊ पुढं आला. "दाजी, जिती होती तवा तिचं ऐकलं न्हाय. आता तरी ऐका." चार माणसांत बोलला.

"येतो," मी म्हणलं.

कावळा उतरला. भाताला चोच लावली. सुनेनं डोळे पुसले आणि चपला शोधायला लागली.

आता कुंभारीत मी आतल्या खोलीत पडून असतो, बाहेर सुनेचा वर्ग भरतो. परवा तिनं पोरांना इंग्रजीतलं एक बोलणं शिकवलं. 'ट्विस्ट समवन्स आर्म'. हात पिरगाळणे. पण खरा हात न्हाय. मागं लागून माणसाला नको ते कबूल करायला लावायचं. 'समवन्स'च्या जागी ज्याचा हात तो माणूस घालायचा. झालेली गोष्ट असली तर 'ट्विस्टेड' म्हणायचं. आणि हे बहुतेक हसत बोलतात, ती म्हणाली, कुणी चहाचा आग्रह केला तरी.

"मॅडम, वाक्य सांगा की."

"वी ट्विस्टेड माय फादर-इन-लॉज आर्म, अँड ही केम टू लिव्ह विथ अस." मग तेच मराठीत सांगितलं. पोरं खिदळली.

मी आतून ओरडलो, "आणि ज्याचा हात, त्यानं कसं म्हणायचं गं?"

ती म्हणाली, "'माय आर्म वॉज ट्विस्टेड', मामा. कुणी पिरगाळला ते सांगायची गरज नसते."

पोरं परत हसली.

वर्ग सुटल्यावर मी पिशवी भरली. म्हणलं, माझ्या घरी जातो.

"तिथं कुठं जाता? भाडेकरू राहायला आलेत." हे मला तेव्हा कळलं. "आणि कावळ्यासमोर बोललाय तुम्ही. सासूबाईंना दिलेला शब्द आहे. आम्ही काय धरून आणलंय तुम्हाला?"

मी पिशवी खाली ठेवली.

"बरं," म्हणलं. "माझ्या दहाव्याला कावळा शिवायचा न्हाय. भजी ठेवा, जिलेबी ठेवा, शिवायचा न्हाय. काय कबूल करायचं त्याचा विचार करत उन्हात उभं ऱ्हावा."

"काहीतरीच बोलता, मामा," ती म्हणाली. पण तोंड उतरलं तिचं.

संध्याकाळी पोरगा जवळ येऊन बसला. "अप्पा, असलं अभद्र बोलू नका. ती जेवली न्हाय. नुसतं गमतीत म्हणलो एवढं तरी सांगा तिला."

"गंमत न्हाय," मी म्हणलं, आणि अजून एक भाकरी वाढायला सांगितली.