एर्सिलिया वहिनी प्रोचिदाला जाते

माझी वहिनी एर्सिलिया नापोलीसमोरच्या प्रोचिदा बेटावर जन्मली आणि लग्न होऊन आमच्या जेनोव्हात आली. इथल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात तिनं आयुष्यभर चादरी धुतल्या. माझा भाऊ गेला, तिचे गुडघे गेले, पण जिभेची धार तेवढी शाबूत राहिली.

तिच्या सत्तरीला मुलानं, दारिओनं, आम्हा दोघींना क्रूझची तिकिटं काढून दिली. जहाज एक दिवस नापोलीला थांबणार होतं, आणि वहिनीला रस होता तो तेवढ्याच दिवसात. समोरच्याच बेटावर तिची धाकटी बहीण रेस्तितूता खुब्याचं हाड मोडून घरात पडून होती.

जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवर प्रोचिदाला जाऊन येण्याइतका वेळ आहे का, एवढंच विचारायला आम्ही गेलो. तिथला माणूस फार गोड हसला.

"सिन्योरा, प्रोचिदाची आमचीच सहल आहे. खऱ्या कोळ्याच्या घरी जेवणसुद्धा."

"माझा बाप खरा कोळी होता," वहिनी म्हणाली. "मला बहिणीकडे जेवायचंय."

"मग जा, पण तुमच्या जबाबदारीवर. नापोलीचं बंदर म्हणजे... पर्स सांभाळा. आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही."

वहिनीचे कान लाल झाले. "त्या बंदरावर मी बापाशेजारी बसून मासळी विकलीय. तुम्ही मला त्याची भीती घालता?"

तो पुन्हा हसला. केबिनमध्ये येईपर्यंत वहिनी धुमसत होती. "माझ्याच घराची वाट मला विकतोय मेला," ती म्हणाली आणि बहिणीला फोन लावला. दोघींनी मिळून बेत ठरवला. सकाळी वेगाच्या बोटीनं जायचं, जेवून दुपारीच निघायचं. वारा फिरला तर वेगाच्या बोटी बंद होतात, तेव्हा गाड्या नेणारी मोठी फेरीबोट धरायची. ती संथ असते, पण सहसा बंद होत नाही.

जाताना समुद्र शांत होता. रेस्तितूतानं वॉकर धरून दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "किती जाड झालीस गं." मग दोघी रडल्या. लिंबाची कोशिंबीर होती, तळलेली छोटी मासळी होती, आणि जुनी भांडणंही होती, ती त्यांनी चवीनं पुन्हा भांडून घेतली. निघताना रेस्तितूतानं वहिनीच्या पिशवीत लिंबं कोंबली.

धक्क्यावर आलो तर नैऋत्येचा वारा सुटलेला, वेगाच्या बोटी बंद. फेरीबोट यायला वेळ होता, आणि तिकिटासाठी सगळं बेट लोटलं होतं. तेवढ्यात आमच्याच जहाजाची सहल दिसली. त्यांची भाड्याची छोटी बोट समोर डुलत होती, निम्मी बाकं रिकामी. छत्री धरलेल्या गाइड मुलीला मी म्हणाले, "बाळ, आम्ही तुमच्याच जहाजावरच्या. दोघींना घे."

तिनं आमची कार्डं पाहिली. "तुमचं नाव सहलीत नाही. मला परवानगी नाही."

"जागा आहे ना?"

"जागा आहे, पण परवानगी नाही."

बोटीतला एक जर्मन म्हातारा सरकून बसला आणि त्यानं आम्हाला हात केला. मुलीनं नकारार्थी मान हलवली. बोट सुटली. वहिनीनं पिशवी उचलली आणि ती तिकिटाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

फेरीबोटीत उभ्या-उभ्या, माणसांत चेंगरून आम्ही नापोलीला पोचलो. जहाजाची निघायची वेळ टळून गेली होती. मी वहिनीचा हात धरून ओढत होते, तिचे गुडघे ऐकत नव्हते. पण जहाज जागेवरच होतं, शिडीही लावलेली. आम्ही चढलो. तेव्हा कळलं, सहलीची छोटी बोट लाटांमुळे जवळच्या पोत्सुओली बंदराला वळवावी लागली होती आणि ती माणसं बसनं येताना वाहतुकीत अडकली होती. जहाज त्यांच्यासाठी खोळंबलं होतं.

काउंटरवरचा माणूस शिडीजवळच उभा होता. "नशीब तुमचं," तो म्हणाला. "पाहा, जहाज थांबलं म्हणून वाचलात."

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"थांबलं ते त्यांच्यासाठी. आम्हीही तिकीट काढलंय, आम्हीही याच जहाजावर झोपतो. त्यांना उशीर झाला की वारा वाईट, आम्हाला झाला की आम्ही बेजबाबदार. रिकाम्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या असत्या तर तुमची बोट बुडाली असती का? आणि त्या मुलीला ओरडू नका. 'परवानगी नाही' हे तिला तुम्हीच शिकवलंय."

तो म्हणाला, "सिन्योरा, कंपनीचे नियम असतात."

"असतील. ते नियम करणाऱ्याला माझ्यासमोर आणून उभं करा."

कोणी आलं नाही. सहलीची माणसं ओली, पिवळी पडून चढली. वहिनीनं त्या जर्मन म्हाताऱ्याच्या हातावर एक लिंबू ठेवलं आणि मळमळ थांबायला ते नाकाला लावायची खूण केली. गाइड मुलगी खाली मान घालून पुढे गेली.

कंपनीनं पुढे दारिओला फोन करून पुढच्या सफरीवर सवलत देऊ केली. वहिनीनं ती साफ नाकारली. बहिणीकडे जायला ती आता नापोलीपर्यंत आगगाडी आणि पुढे फेरीबोट धरते. पण आमच्या इमारतीत कुणी क्रूझला निघालं की आधी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसतं. परवा वरच्या मजल्यावरची ओर्नेला आली होती.

"एर्सिलिया, काउंटरवाले म्हणतात एकटीनं उतरू नका."

"म्हणणारच," वहिनी कॉफी ओतत म्हणाली. "बस. कुठलं बंदर आहे ते सांग आधी."