मामेसासऱ्यांची रेंज

बेळगावापासून निपाणीपर्यंत शोधलं तरी माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस सापडायचा नाही, आणि या माणसाचं सगळं आयुष्य बंदुकांच्या संगतीत गेलेलं आहे. पलटणीत ते नेमबाजी शिकवायचे. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर कॅम्पातल्या घरी स्वस्थ बसतील तर शपथ! मच्छे गावाच्या अलीकडे माळावर एक जुनी रायफल रेंज बंद पडायला आली होती, ती त्यांनी अंगावर घेतली. पत्र्याची शेड, समोर कागदी टार्गेटं आणि त्यांच्या मागे गोळ्या पोटात घेणारा मातीचा बांध, एवढाच तिचा संसार. कुणीही यावं, शिकावं. टिळकवाडीतले वकील यायचे, कॉलेजच्या मुली यायच्या, बँकेतले लोक साहेबाचा राग टार्गेटवर काढायला यायचे. पण बार उडायला मुहूर्त लागायचा. मामा आधी लाल निशाण चढवणार, शिट्टी फुंकणार, मग स्वतः बांधापलीकडे जाऊन शेळ्या हाकलणार, परत येणार, आणि ‘एक म्हातारी गवत कापत हुती, गेली का बगून येतो’ म्हणून पुन्हा जाणार. सकाळी आलेला माणूस थोड्याफार गोळ्या झाडून जेवायच्या वेळेला घरी पोचला तर नशीबवान.

“नेम कुणालाबी धरता येतोय,” ते म्हणायचे, “चुकल्यावर गोळी कुठं जाईल ह्ये आधी बगायचं.” रेंजवर हे ठीक होतं, पण मामा तेच तत्त्व घरीही चालवायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की स्वयंपाकघर रिकामं करायचे. देवापुढे नारळ फोडताना सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे सरकवायचे. आमच्या लग्नात तर ऐन अक्षतांच्या वेळी त्यांनी माझ्या पाठीमागची पोरं हात धरधरून बाजूला केली, आणि भटजी मंगलाष्टक थांबवून बघत राहिले.

मग रेंजपलीकडचा माळ विकला गेला. प्लॉट पडले, बंगले उठले, आणि बांधाच्या बरोबर पलीकडे कॉलनीच्या अध्यक्षबाई राहायला आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. घरी कन्नड, बाहेर मराठी आणि दोन्हीकडे दरारा सारखाच. एका रविवारी त्या शिष्टमंडळ घेऊन रेंजवर आल्या आणि म्हणाल्या, “बांध चुकवून गोळी आमच्या दारात आली तर काय करायचं ओ, सुभेदार?” मामांनी बांधाकडे पाहिलं, त्यावरून डोकावणाऱ्या पाण्याच्या टाक्यांकडे पाहिलं. “बाई, बरोबर हाय तुमचं. बंद!” म्हणाले, आणि निशाण उतरवून शेडला कुलूप घातलं. भांडायच्या तयारीने आलेली मंडळी अगदी हिरमुसली. वकील मात्र भडकले. रेंज कॉलनीच्या आधीची आहे, परवाना आहे, कोर्टात जाऊ म्हणाले. मामा म्हणाले, “कोर्ट काय गोळी अडवतंय व्हय?”

कुलूप लावलं खरं, पण मामांचं जेवण तुटलं. रेंज फार दिवस बंद राहिली की परवाना जाणार होता, आणि परवाना गेला की तिथेही प्लॉट पडणार होते. बायको मला रोज म्हणायची, “मामांचं बघवत नाही हो.” अशात एक दिवस मामांना दिसलं की कॉलनीत नव्या इमारतींचे पाये खणतायत आणि टिपरवाल्यांना माती टाकायला जागा मिळत नाहीये. झालं! मामा भर रस्त्यात हात आडवे करून उभे. “हिकडं टाक रं बाबा, हिकडं!” ज्या कॉलनीने रेंज बंद पाडली, तिचीच माती येऊन बांध वाढायला लागला. पण मातीत दगड असला तर गोळी उलटी फिरते, म्हणून सगळी माती हाताने चाळायची. सासुरवाडीला जावयाला पुरणपोळी मिळते असं मी ऐकून होतो. मला घमेलं मिळालं. दर रविवारी मी आणि बायको मातीत, आणि मामा मागून, “जावईबापू, त्यो बारका दगड ऱ्हायला की!”

टाक्या दिसेनाशा झाल्या, सरकारी तपासणी झाली, कागदावर होकार आला. बाईंनी बांध निरखून पाहिला आणि म्हणाल्या, “बांध झाला ओ. पण माझ्या जिवाला खात्री कशी पटायची?”

मामा म्हणाले, “हितं गोळी सुटंल तवा मी तुमच्या ओट्यावर असीन. मग तर झालं?”

आणि तसंच झालं. रेंज उघडली त्या सकाळी शिट्टी माझ्या हातात देऊन मामा बाईंच्या ओट्यावर बांधाकडे तोंड करून खुर्चीत बसले. बार सुरू झाले तेव्हा बाई म्हणे चहाचा कप घट्ट धरून उभ्या होत्या आणि मामा घोट घोट चहा पीत होते. हळूहळू बाईंची भीती गेली. “आता पुरे ओ सुभेदार, जावा तुमच्या रेंजवर,” असं त्याच सांगू लागल्या. पण मामा हलत नाहीत. “नवीन बिऱ्हाडं येत्यात बाई, त्येंनी कुणाकडं बगून ऱ्हायाचं?”

रेंज आज जोरात चालते, आणि ती चालू असेपर्यंत मामांना ती बघता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. गेल्या रविवारी, मामांनी ओट्यावर जायच्या आधी रिकामी रायफल धरायला शिकवलेल्या एका मुलीने सगळ्या गोळ्या मधोमध घातल्या, ते सांगायला मी पळत ओट्यावर गेलो. मामांनी गोळ्यांचं काही विचारलं नाही. “कोपर कसा हुता तिचा?” म्हणाले. मी कोपराकडे बघितलंच नव्हतं. तेव्हा ते खुर्चीतून उठले, माझा हात रायफल धरल्यासारखा उभा केला, कोपर जरासा खाली दाबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “असा हुता?”

मी म्हणालो, “व्हय मामा, अस्साच.”

“मग बरोबर शिकलीया,” म्हणाले, आणि पुन्हा बांधाकडे तोंड करून बसले.